दुसरीचा आजचा निरोप

सोमवार, १२ फेब्रुवारी

घसा पुन्हा बसला. तरी निरोप दिलाच. खडूंच्या खोलीत, दाराला आतून खुर्ची लावून, नकाशांच्या गुंडाळ्यांमध्ये अंग चोरून, फोन तोंडाशी धरून. "नमस्कार, दुसरीच्या वर्गाचा आजचा निरोप" — हे वाक्य जूनपासून इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही पुटपुटत असेन. दोन मिनिटांत सगळा दिवस सांगायचा. काय शिकलो, काय गंमत झाली, उद्या काय आणायचं. आणि तेही हसऱ्या आवाजात! ही मोठ्या बाईंची अट. घरच्यांना शाळेतलं कळत राहिलं की भांडणं होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. सूचनांचे कागद दप्तरातच चुरगळून मरायचे, म्हणून हा बोलका निरोप त्यांच्या डोक्यातून निघाला. डोकं त्यांचं, घसा माझा.

आणि पालकांकडून उत्तर काय येतं? अंगठा. बोलून बोलून माझी आतडी बाहेर यायची वेळ आली, आणि यांचा अंगठा.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. त्यांच्या मुलाचं नाव बऱ्याच दिवसांत निरोपात आलं नाही! मी नावं आळीपाळीने घेते. पण त्या मोजत बसतात. दात मोजायची सवय, दुसरं काय.

मग बेकरीवाले पालक दारात उभे. यांना म्हणे निरोप कधी येतच नाही. फेब्रुवारीत आठवलं! त्यांना समजावून सांगितलं, की मी एकदाच बोलते आणि ते सगळ्या घरांना वेगवेगळं जातं, कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. पण एक मेख आहे — माझा नंबर तुमच्या फोनमध्ये नाव घालून ठेवलेला असेल तरच निरोप पोचतो. ते म्हणाले, ठेवलाय की! फोन काढून दाखवला. नाव "शाळेच्या बाई", आणि पुढे नंबर मैद्याच्या व्यापाऱ्याचा. सहलीच्या दिवशी सकाळी त्यांनी त्या व्यापाऱ्याला विचारलंही होतं, डबा द्यायचा का म्हणून. तो द्या म्हणाला होता.

हसले. कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले. मग खोकला आला.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

निरोप दिला. आवाज नव्हता. हसरा तर नव्हताच.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

डोकं उठलंय. काल एक मुलगा बाकावरून पडला, हनुवटी खरचटली, औषध लावलं, आईला लगेच फोन केला, निरोपातही सांगितलं. आज मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. "पडला असं नुसतं सांगायचं नाही हो. खेळण्याच्या उत्साहात जरासं खरचटलं, असं म्हणायचं." मी म्हटलं, तो खेळत नव्हता, पेंगत होता. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी गप्प बसले. हल्ली गप्प बसणं फार लवकर जमतं मला.

चार वाजता निरोपात बोलून गेले, की आज बाईंचं डोकं दुखत होतं आणि मुलांनी अगदी आवाज न करता चित्रं काढली. आता त्याबद्दलही बोलणी खावी लागणार.

घरी आले, कुलूप काढलं, दिवा लावला. एवढ्या घरांना मी रोज सगळं कळवते. कुणाचा दात पडला, कुणाला सातचा पाढा आला, कुणी कुणाला खोडरबर दिलं. आणि माझं? मला ताप आला तर कुणाला कळवायचं? आई असती तर तिला. अण्णांना कळवायची सोय नाही. मी नवऱ्याचं घर सोडून आले त्या दिवशी ते त्यांच्या दुकानाच्या टेबलाशी बसले होते, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून. ते भिंगही काढलं नाही. म्हणाले, "तू तुझ्या मनाचं केलंस. आता यापुढे तुझं काही मला कळवू नकोस."

मीही त्यांचीच मुलगी. नाही कळवलं. दोन वर्षं होतील.

रविवार, १८ फेब्रुवारी

धाकट्याचा फोन. एरवी महिन्याच्या सुरुवातीला करतो, आज मध्येच. म्हटलं, काय रे, काही झालं का? "काही नाही ताई, सहज." तब्येत कशी, डोकंबिकं दुखत नाही ना, जेवतेस ना. मोठा झाला. पूर्वी स्वतःची विजार कुठे आहे तेसुद्धा मला विचारायचा.

अण्णांचं मी विचारत नाही, तोच आपणहून सांगतो. दुकान आता भाड्याने दिलंय. घरीच असतात. दुपारी चारच्या सुमारास फोन कानाला लावून गॅलरीत जाऊन बसतात. काय ऐकता विचारलं तर म्हणतात बातम्या. त्या वेळी चहा नेऊन दिला तरी हाताने खूण करतात, ठेव आणि जा. "बातम्यांचं एवढं काय वेड लागलंय कळत नाही," म्हणाला.

म्हातारपणी माणूस काहीतरी धरून बसतं.

मंगळवार, २० फेब्रुवारी

परिसर अभ्यासात "आपलं गाव" आहे. पुस्तकातलं चित्र बघून मुलं जांभया द्यायला लागली. म्हटलं, आपण खोक्यांचं गाव करू. वर्गाच्या मागच्या दोन टेबलांवर. निरोपात सांगितलं — घरात रिकामी लहान खोकी असतील, साबणाची, बिस्किटांची, औषधांची, कसलीही, फेकू नका, पाठवून द्या, तुमच्या खोक्याचं घर होईल.

आमच्या वर्गात एक प्रश्नपत्रिका आहे. खरं नाव वेगळं, पण अख्खी शाळा तिला प्रश्नपत्रिकाच म्हणते. तिने हात वर केला. "बाई, आपल्या गावात तुम्ही कुठे राहणार?" म्हटलं, बघू, जागा उरली तर. "आणि तुमच्या घरात कोण कोण?" म्हटलं, मी. "आणि?" म्हटलं, खाली बस आणि गोंदाचं झाकण लाव.

बुधवार, २१ फेब्रुवारी

खोकी! खोकीच खोकी! बेकरीवाल्यांनी केकची एवढाली पाठवलीत, त्यात आमचं अख्खं गाव बसेल. निरोप पोचायला लागला म्हणायचं.

शनिवार, २४ फेब्रुवारी

धाकटा आला होता. इकडे काहीतरी काम होतं त्याचं. हातात भली मोठी पिशवी. मी म्हटलं, खाऊ? तर आत रिकामी खोकी. सगळी औषधांची. "अण्णांनी टेबल आवरताना काढली. मी टाकायला निघालो तर म्हणाले, टाकू नकोस, तिकडे चाललायस तर घेऊन जा, शाळेत लागतात असली." मला बरं वाटलं, का ते नाही सांगता येत. त्यांनी मला काही पाठवलं, असं मनाला समजवायला जागा झाली. घड्याळजी माणूस, लहान खोकं कधी फेकवलंच नाही त्यांना. स्क्रू ठेवायला लागतात.

एवढी औषधं कुणाची, विचारलं. "त्यांचीच. वयाप्रमाणे चालायचंच. रक्तदाब आहे, डोळ्यांत थेंब घालावे लागतात." तो चहा पिऊन गेला. जाताना दारात घुटमळला. "तू एकदा येऊन का जात नाहीस?" मी म्हटलं, बोलावलंय का? त्याने चपलेचा पट्टा नीट केला, बराच वेळ केला, आणि गेला.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

गाव वसतंय. शाळा, दवाखाना, बेकरी, बसथांबा. औषधांची खोकी बहुतेक एकाच मापाची, एकाच रंगाची, निळी पट्टी असलेली. मुलांनी त्यांची एक सरळ गल्ली केली. खिडक्या कापताना माझ्या अंगठ्याला कात्री लागली. निरोपात म्हटलं, उत्साहात जरासं खरचटलं.

सोमवार, ४ मार्च

सर्दी, खोकला, गोंद, कात्री. निरोप दिला. घरी आल्यावर खुर्चीत बसले ती उठवेना. स्वयंपाक केला नाही.

बुधवार, ६ मार्च

सुटका! मोठ्या बाईंनी मीटिंग घेतली. शाळेने आता ॲप घेतलंय. पंधरा तारखेनंतर बोलका निरोप बंद. ॲपमध्ये तयार वाक्यं असतात, त्यावर बोट ठेवायचं, घरोघरी पोचतं. "आज आपल्या पाल्याने आनंदाने सहभाग घेतला." हसरा चेहराही आपोआप येतो. प्रत्येक घराला मुलाच्या हजेरी क्रमांकावरून आत जाता येईल, बाहेरच्या कुणाला नाही. मला म्हणाल्या, तुमचे फार हाल झाले हो घशाचे, आता विश्रांती.

मी जवळजवळ नाचत घरी आले. परवापर्यंत सगळ्या पालकांचे नंबर हजेरीशी ताडून त्यांना द्यायचेत. शेवटची हमाली. शेवटचा निरोप पुढच्या गुरुवारी, कारण शुक्रवारी खोक्यांचं गाव बघायला घरच्यांना बोलवायचंय.

शुक्रवार, ८ मार्च

काय लिहू. आधी पाणी पिऊन येते.

नंबर ताडत होते. हजेरीतलं एकेक नाव, यादीतला एकेक नंबर, समोर टिंब. शेवटी यादीत एक जास्त निघाला. वाटलं, कुणाचे दोन्ही पालक घातले असतील. परत वरून सुरू केलं. सगळ्या पालकांचे नंबर मी मुलांच्या नावाने ठेवलेत. मुलांची नावं अ पासून सुरू होतात. त्यांच्याही वर, अगदी पहिला — अण्णा.

जूनमध्ये यादी केली तेव्हा शाळा सुटली होती, मी दमलेली होते, नावांवर भराभर अंगठा मारत खाली गेले होते. वरच्या नावावरही पडला असणार. एवढंच झालं. जून ते मार्च माझ्या लक्षात आलं नाही.

मग वाटलं, त्यांना पोचत कुठे असेल. माझा नंबर नावानिशी ठेवलेला असेल तरच पोचतो, हे मीच सगळ्यांना सांगत फिरते. "काही कळवू नकोस" म्हणणारा माणूस नंबर कशाला ठेवेल? कालचा निरोप उघडला. कुणी कुणी ऐकला ते दिसतं त्यात, ऐकला की शेजारची खूण निळी होते. निळी होती. परवाचा उघडला. निळी. त्याच्या आधीचा. फेब्रुवारी, जानेवारी, मागे मागे जात राहिले. डॉक्टरीणबाईंनीसुद्धा सगळे ऐकलेले नाहीत. एकाच माणसाने सगळे ऐकलेत, आणि तेही पाठवल्या पाठवल्या.

चार वाजता. गॅलरीत. बातम्या!

शनिवार, ९ मार्च

आज राग आलाय. हो, राग! हे चोरून ऐकणंच झालं. दोन वर्षांत एक शब्द नाही. आजारी आहेस का, जेवतेस का, काही नाही. आणि इकडे माझा आवाज रोज दोन मिनिटं फुकटात. मला काय काय बोललेलं आठवतंय! घसा बसलेला ऐकला. डोकं दुखतंय ते ऐकलं — आणि दोन दिवसांनी धाकट्याचा "सहज" फोन. ते "सहज" आता कळलं.

पण चोरून तरी कसं म्हणू. पाठवत मीच होते.

संध्याकाळी शाळेत गेले. सुट्टी होती, पण शिपाईमामांनी वर्ग उघडून दिला. त्यांना सांगितलं, गोंद वाळला का बघायचंय. औषधांच्या गल्लीसमोर लहान खुर्चीत बसले. सगळ्या घरांवर एकाच गोळीचं नाव. किती दिवस घेत असतील, तर एवढी मोठी गल्ली झाली. कुणी सांगितलं मला? मी साऱ्या गावाला कळवते आणि मला विचारल्याशिवाय कुणी कळवलं नाही. रडले. तिथेच, त्या बुटक्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला लावून.

गल्लीच्या टोकाला एक घर नवीन आहे. काल नव्हतं पाहिलं. दारावर पेन्सिलीने "बाई". प्रश्नपत्रिकेचं अक्षर.

सोमवार, ११ मार्च

निरोप द्यायला बसले. नमस्कार म्हटलं आणि थांबले. पुसलं. परत नमस्कार. एवढे दिवस भिंतीशी बोलावं तसं बोलत होते, आज समोर भिंग लावलेला डोळा. शेवटी एकीचा दात पडला ते सांगितलं, उद्या रंगीत कागद आणा म्हटलं. आवाज परका वाटला मला.

यादीतून काढायचे का त्यांना? काढलं नाही. गुरुवारनंतर आपोआपच निघणार आहेत. ॲपमध्ये हजेरी क्रमांक लागतो. त्यांचं मूल दुसरीत आहे खरं, पण खुर्चीवर बसतं, त्याला क्रमांक नाही.

मला सुटका हवी होती ना? मिळतेय. मग ती यादी पुन्हा पुन्हा का उघडतेय मी?

मंगळवार, १२ मार्च

मोठ्या बाईंना विचारलं, बोलका निरोप थोडे दिवस चालू ठेवला तर? त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

बुधवार, १३ मार्च

धाकट्याला मीच फोन केला. म्हटलं, अण्णा कसे आहेत. तो एवढा चपापला की आधी नुसतंच "कोण?" म्हणाला. हल्ली जरा थकलेत. पायऱ्या उतरताना कठडा धरतात. परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला रिक्षा बोलावली तर नको म्हणाले, आता कुठे जायचंच नाही म्हणाले. मी विचारलं, काय ऐकतात रे ते चार वाजता? "बातम्या. सांगितलं ना तुला." म्हणजे त्यालाही माहीत नाही. मी नाही सांगितलं. हे आमच्या दोघांतलं आहे. दोन वर्षांत आमच्या दोघांतलं असं पहिलंच काहीतरी.

फोन ठेवता ठेवता वाटलं, सरळ त्यांच्याशी बोलावं. म्हणावं, दे अण्णांना. म्हटलं नाही. आणि समजा त्यांनी घेतलाच नाही फोन तर? मग ती चारची दोन मिनिटंही खोटी पडायची. त्यापेक्षा कळलंच नाही असं दाखवावं आणि गप्प बसावं. गप्प बसणं जमतंच मला.

गुरुवार, १४ मार्च

शेवटचा निरोप.

आधी एक केला त्यात "अण्णा" म्हटलं. पुसला. डॉक्टरीणबाई विचारतील हे अण्णा कोण. दुसऱ्यात म्हटलं, "कुणी इतके दिवस ऐकलं असेल तर" — आणि तिथेच थांबवला. तोही पुसला. बाहेर मोठ्या बाई दार वाजवायला लागल्या, बाई, झालं का, मला नकाशा हवाय. चार वाजून गेले. गॅलरीत कुणीतरी फोन कानाला लावून बसलं असेल, बसून बसून थकलं असेल.

मग नेहमीचाच दिला. लिहून ठेवते इथे, उद्यापासून कुठे राहणार नाही तो. "नमस्कार, दुसरीच्या वर्गाचा आजचा निरोप. उद्या सकाळी दहा वाजता आमच्या वर्गात खोक्यांचं गाव बघायला घरच्या सगळ्यांनी यावं. शाळेची इमारत बसथांब्यासमोरच आहे. वर्ग तळमजल्यावर आहे, पायऱ्या नाहीत. ज्यांनी खोकी पाठवली त्यांनी तर नक्कीच यावं. तुमच्या खोक्याचं काय झालं ते बघायला. औषधांच्या खोक्यांची एक अख्खी गल्ली झाली आहे. बाईंचं घरही त्याच गल्लीत आहे. उद्यापासून हा निरोप बंद होतोय. इतके दिवस ऐकलंत, बरं वाटलं."

हसऱ्या आवाजात नव्हता. अंगठे आले. बेकरीवाल्यांनी विचारलंय, केक आणू का.

अण्णांच्या नावासमोर खूण निळी झाली. मग काहीच नाही. मी काय उत्तराची वाट बघत होते? वेडीच आहे. डोळ्यांनी धड दिसत नाही, कुठे जायचं नाही म्हणणारा माणूस. आणि बसचा प्रवास केवढा.

शुक्रवार, १५ मार्च

एवढंच लिहिते. सव्वाअकराला सगळे पालक गाव बघून पांगले, मी केकची रिकामी खोकी गोळा करत होते. शिपाईमामा पालकांची यादी हातात घेऊन दारात आले. म्हणाले, "बाई, गेटवर एक म्हातारे गृहस्थ आलेत, एकटेच, कठडा धरून उभे आहेत. यादीत नाव नाही त्यांचं. कुणाच्या घरचे विचारलं, तर म्हणतात, दुसरीच्या बाईंच्या घरचा. सोडू का आत?"